घोडीला रविवार कळत नाही

या वेळचं पत्र एका नोकरदार वाचक मैत्रिणीचं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"मी 36 वर्षांची. पूर्णवेळ नोकरी आहे, आणि वर्षभरापासून एक घोडीही आहे. लहानपणापासूनची इच्छा होती, पगारातून साठवून पुरी केली. घोडी नऊ वर्षांची, स्वभावाने गरीब, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. ओळखीच्यांच्या शेतावर तबेल्यात असते. जागा फार सुंदर आहे, पण तिथे दुसरं घोडं नाही. घरापासून 40 मिनिटांचा रस्ता. पहाटे पाचला पोचते, गवत टाकते, लीद काढते आणि अर्ध्या तासात निघते. रात्री साडेसातला पुन्हा जाते, खरारा करते, आठला गवत टाकते. दोन्ही वेळचं मिळून आठ किलो. दुपारी तिथला माणूस चंदी, म्हणजे दाणा, आणि पाणी देतो. आठवडाभर तिच्यावर बसणं होत नाही, म्हणून शनिवारी आणि रविवारी दोन-दोन तास रपेट करते. गेल्या महिन्यात शनिवार हुकला, म्हणून रविवारी जरा जास्त पळवली. अर्ध्या तासात ती जागच्या जागी थांबली. घामाने भिजली होती, मागचे पाय लाकडासारखे झाले होते. डॉक्टरांनी स्नायूंचा त्रास सांगितला, उपचार झाले, आता बरी आहे. पुढच्या दोन्ही पायांना, खुराच्या वरच्या सांध्यावर पुढून थोडं खरचटलंय, भिंतीला घासत असेल. त्या रविवारपासून माझं कामात लक्ष लागत नाही. त्यातच बढती चालून आली आहे, पण महिन्यातून चार-पाच दिवस बाहेरगावी जावं लागेल. नवरा म्हणतो, 'तू घरात असतेस तेव्हाही तबेल्यातच असतेस.' घोडी विकू, की बढती नाकारू? — दोन्हीकडे अपुरी"

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. स्वतःच्या अपराधीपणाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत आणि घोडीचा दिवस कसा जातो ते ओघात सांगून टाकलंत. माझं उत्तर त्या ओघातल्या ओळींवरच उभं आहे, म्हणून सुरुवात तिथून करते. मी नोकरी सांभाळून सतरा वर्षं घोडा ठेवला. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत.

आधी त्या रविवारचं. तुमच्या घोडीला जे झालं त्याला घोडेवाल्यांमध्ये जुनं नाव आहे: मंडे मॉर्निंग डिसीज, म्हणजे सोमवार सकाळचा आजार. गाडी आणि नांगर ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची. काम बंद, चंदी मात्र रोजच्याइतकीच. सोमवारी जुंपलं की थोड्याच वेळात घोडा आखडायचा, घामाघूम व्हायचा, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे घट्ट व्हायचे. प्रकरण वाढलं तर लघवी गडद तांबडी, कॉफीच्या रंगाची व्हायची. तो रंग फुटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेल्या द्रव्याचा असतो, आणि ते द्रव्य मूत्रपिंडांना इजा करू शकतं. त्या घोड्यांना सुट्टी एका दिवसाची असे. तुमच्या घोडीला पाच दिवसांची असते, चंदी रोज दुपारी चालू असते, आणि मग एकदम दोन तास रपेट. त्या आठवड्यात तर शनिवारही गेला होता, म्हणजे सहा दिवस उभं राहून सातव्या दिवशी जास्तीची दौड.

तुम्ही हे प्रेमापोटी केलंत. आठवडाभर वेळ दिला नाही, निदान आज तरी देऊ, असंच मनात असणार. पण राहिलेल्या हप्त्यांसारखी रपेट एका दिवशी फेडता येत नाही. "घोडा का अडला?" या कोड्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे, "न फिरवल्यामुळे". त्या उत्तरात "रोज" हा शब्द धरलेलाच असतो.

एकदा हा त्रास झालेल्या घोड्याला तो पुन्हा होऊ शकतो, म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुन्हा आखडली तर तिथेच उतरा, खोगीर काढा, पाणी पुढे ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. "थोडं चालवा, मोकळी होईल" असं कोणीतरी सांगेल, ते ऐकू नका. आखडलेल्या स्नायूंना चालवलं की ते आणखी फुटतात. दुसरं, पुन्हा खोगीर चढवण्याआधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. स्नायूंची एन्झाइम्स पूर्ववत झाली की नाही ते त्यातून कळतं. काही घोड्यांत ही प्रवृत्ती आनुवंशिक असते, म्हणून परत झालं तर तेही विचारा. आणि चंदीबद्दल मुद्दाम बोला. आठवड्याला चार तास काम करणाऱ्या घोडीला चांगलं गवत, मीठ आणि खनिजं बहुतेक वेळा पुरतात. चंदी कमी करायची तर सात ते दहा दिवसांत हळूहळू करा, आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी ती आणखी कमी ठेवा.

आता तिचा दिवस मोजू या. तुम्ही आकडे दिले आहेत, म्हणून सोपं आहे. घोडं एक किलो वाळलं गवत साधारण 40 मिनिटांत चघळून संपवतं. रात्री आठला टाकलेलं चार किलो गवत अकराच्या आत संपतं. त्यानंतर पहाटे पाचपर्यंत ती उपाशी उभी असते. पहाटेचं गवत आठपर्यंत संपतं, आणि रात्री आठपर्यंत दुपारच्या चंदीशिवाय काही नाही. चंदी तर काही मिनिटांत संपते. म्हणजे चोवीस तासांत ती साडेपाच तासही चघळत नाही. मोकळं सोडलेलं घोडं दिवसाचे चौदा ते सोळा तास चरत असतं, तेही पावलं टाकत टाकत.

हे मी इतकं ताणून सांगते, कारण घोड्याचं पोट आपल्यासारखं चालत नाही. त्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र झिरपत राहतं, जेवण असो वा नसो. ते शांत करणारी लाळ मात्र फक्त चघळताना सुटते. सहा तासांच्या वर पोट रिकामं राहिलं की जठरात व्रण पडण्याचा धोका वाढतो. गवताचं वजन तुम्ही बरोबर ठेवलं आहे. साडेचारशे किलोच्या घोडीला दिवसाला आठ ते दहा किलो लागतंच, आणि सात किलोच्या खाली तर कधीच जाऊ नये. चुकतं आहे ते वाटपात. तेच गवत चार वेळांत विभागा. दुपारी चंदी टाकणारा माणूस गवतही टाकू शकतो. रात्रीचं गवत बारीक छिद्रांच्या जाळीत भरा, हवं तर एकात एक अशा दोन जाळ्या घाला. तेवढंच गवत किती तरी जास्त वेळ पुरतं. यासाठी तुम्हाला एक मिनिटही जादा द्यावं लागत नाही. पाणी "दुपारी देतो" असं लिहिलंत, तेही बदला. शांत हवामानातही तिला दिवसाला 25 ते 40 लिटर लागतं, आणि ते तिच्यापुढे कायम हवं.

आणि ती एकटी आहे. पत्रातली मला सर्वात जास्त टोचलेली गोष्ट हीच.

घोडं कळपाचं जनावर आहे. ते उभ्या उभ्या डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आपल्याऐवजी कोणीतरी जागं आहे अशी खात्री असल्याशिवाय ते सहसा आडवं होत नाही. दिवसाकाठी अर्धा-एक तासाची ही झोप पुरते, पण ती मिळालीच नाही तर कर्ज साचत जातं. मग उभं असतानाच झोप अनावर होते, पुढचे पाय दुमडतात, आणि घोडं पडता पडता सावरतं. अशा घोड्यांच्या पुढच्या पायांना, खुराच्या वरच्या सांध्यावर, बरोबर पुढच्या बाजूला खरचटतं. तुम्ही सांगितलेली जागा तीच आहे. भिंतीला घासूनही खरचटत असेल, मी दुरून निदान करत नाही. पण डॉक्टरांना ती जागा दाखवा, आणि पहाटे गेल्यावर तिच्या अंगाला पेंढा लागलेला आहे का, एका कुशीवर लिदीचा डाग आहे का, ते पाहा. आठवडाभर तसं काही दिसलं नाही, तर घोडी रात्री आडवी होत नाही असं समजा.

म्हणून विकू की बढती नाकारू, या दोन्हींच्या आधी माझा सल्ला एवढाच: घोडीची जागा बदला.

जिथे दोन-चार घोडी आहेत, दिवसाचे आठ-दहा तास मोकळं सोडतात, कोणीतरी अनुभवी माणूस तिथेच राहतो, अशी पागा शोधा. शक्य तर ऑफिसच्या वाटेवरची. जागा सुंदर नसली तरी चालेल. सुंदर जागा आपल्याला हवी असते. तिला शेजारी घोडं आणि पायाखाली मैदान हवं असतं. रस्त्याचा हिशेब केलात का? दोन फेऱ्या मिळून रोज 160 मिनिटं तुम्ही गाडीत असता. घोडीजवळ किती असता? सकाळी अर्धा तास, रात्री फार तर एक तास. त्यातलाही बराचसा वेळ लीद काढण्यात जातो. तुमचा थकवा घोडीमुळे आहे असं घरच्यांना वाटतं, तुम्हालाही वाटू लागलंय. मला तो बराचसा रस्त्याचा वाटतो. देखभाल धरून पागेत ठेवायला खर्च जास्त येईल, हे खरं आहे. त्याकडे पुढे येते.

नव्या घोड्यांत सोडताना घाई नको. आधी काही दिवस कुंपणापलीकडून ओळख होऊ द्या, मग एका शांत घोड्याबरोबर सोडा, मग सगळ्यांत. गवतही पागेतलं नवं असेल, ते जुन्यात मिसळत मिसळत बदला.

जागा बदलली की तुमचे तास आपोआप बदलतील. मोकळ्यात चरणाऱ्या घोडीला "व्यायाम देण्याचं" ओझं तुमच्यावर राहत नाही, तिचं चालणं तिचं ती करते. तुम्ही आठवड्यात दोन संध्याकाळी अर्धा तास बसलात तरी खूप झालं: दहा मिनिटं नुसती चाल, थोडी दुडकी, पुन्हा चाल. शनिवारी पाऊण तास, रविवारी हवं तर तेवढंच. डॉक्टरांनी होकार दिल्यावर तिथून आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवा. ज्या दिवशी वीस मिनिटंच हातात आहेत त्या दिवशी खोगीर चढवूच नका. खूर साफ करा, चारही पायांवरून तळवा फिरवा, कुठे गरम लागतंय का, सूज आहे का पाहा, मग लगाम हातात धरून दहा मिनिटं तिच्याबरोबर चाला. माझ्या घोड्याच्या पायातली एक दुखापत मला अशाच एका संध्याकाळी हाताला लागली, लंगडायला लागण्याच्या दोन दिवस आधी.

भागीदार स्वाराचाही विचार करा. चांगलं बसता येतं पण स्वतःचं घोडं नाही, अशी माणसं प्रत्येक पागेत भेटतात. आठवड्यातले दोन दिवस त्यांचे, खर्चातला ठरलेला वाटा त्यांचा. मात्र कोणते दिवस, काय करायचं आणि काय नाही, डॉक्टरांचं बिल कोणाचं, पडून लागलं तर काय, हे सगळं कागदावर लिहून घ्या, आणि पहिला महिना तुमच्या डोळ्यांदेखत बसू द्या. आपल्या घोडीवर दुसरं कोणी बसलेलं पाहताना पोटात कालवतं. मलाही कालवलं होतं. पण माझ्या आजारपणात सहा आठवडे घोडा ज्याने सांभाळला तो हाच भागीदार होता.

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा, जंतांचं औषध लिदीची तपासणी करून, धनुर्वाताची लस डॉक्टर सांगतील तशी: हे सगळं वर्षाच्या सुरुवातीलाच ऑफिसच्या कॅलेंडरात टाका, म्हणजे डोक्यात ठेवावं लागत नाही.

बाहेरगावच्या दिवसांची मात्र खरी तयारी लागते, त्यावर जरा थांबते. माझ्या घोड्याला एकदा भर दुपारी पोटशूळ उठला. मी बैठकीत, फोन पिशवीत. तबेल्यातल्या मुलाला काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं, पण मला न विचारता डॉक्टरांना बोलवायची मुभा आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. तो फोन लावत राहिला. दोन तास गेले. घोडा वाचला, पण त्या दोन तासांसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मुलाचा काही दोष नव्हता, मी त्याला कधी सांगूनच ठेवलं नव्हतं.

घोड्याला उलटी होत नाही. पोटात जे अडकलं ते आल्या वाटेने बाहेर पडूच शकत नाही, म्हणून पोटदुखीत वाट पाहायची नसते. तेव्हा तबेल्याच्या दारावर एक कागद लावा. विश्रांतीत घोडीची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, ताप 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस. तिचे स्वतःचे आकडे तीन-चार शांत दिवशी मोजून त्यापुढे लिहा. खाणं सोडलं, लीद थांबली, वळून वळून कुशीकडे पाहते, पायाने जमीन उकरते, लोळते, विनाकारण घाम आला: यातलं एकही दिसलं तर आधी डॉक्टरांना फोन, नंतर मला. खाली दोन डॉक्टरांचे नंबर. आणि शेवटची ओळ तुमच्या सहीनिशी: मी फोनवर भेटले नाही तर उपचारांचा निर्णय अमुक व्यक्तीने घ्यावा, खर्च मी देईन. शस्त्रक्रियेची वेळ आली तर करायची की नाही, हेही त्या व्यक्तीशी आधी बोलून ठेवा. कठीण बोलणं आहे, पण परगावच्या खोलीत रात्री दोन वाजता फोनवर ते करणं त्याहून कठीण असतं.

आता नोकरी. तुम्ही तिला घोडीची सवत मानता आहात, तसं मानू नका. घोडीचं गवत त्या नोकरीतून येतं. नऊ वर्षांची घोडी नीट सांभाळली तर पंचवीस-तीस वर्षांपर्यंत जगू शकते. म्हणजे तुमच्यापुढे आणखी सोळा ते एकवीस वर्षं आहेत, आणि त्यातली शेवटची काही वर्षं ती पाठीवर कोणाला घेणार नाही, पण खर्च मात्र वाढलेला असेल. बढतीचा वाढीव पगार चांगल्या पागेसाठी आणि अडीअडचणीच्या गाठोड्यासाठी वापरणार असाल, तर ती बढती घोडीच्या बाजूची आहे. माझं मत स्पष्ट आहे: घ्या. फक्त क्रम पाळा. आधी जागा बदला, ती तिथे रुळू द्या, एखादा दीड-दोन दिवसांचा दौरा करून पाहा, मग चार-पाच दिवसांचे. वरिष्ठांना दोन गोष्टी मोकळेपणी सांगा: दौऱ्यांच्या तारखा आधी कळाव्यात, आणि एक ठरावीक नंबर वाजला तर बैठकीतही फोन उचलला जाईल. घरी आजारी माणूस असतं तर हे सांगताना तुम्ही संकोचला नसता. इथेही संकोचू नका.

तुम्ही चार दिवस दिसला नाहीत म्हणून ती झुरेल, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. घोडी माणसं ओळखतात, आवाज ओळखतात, तुमच्या येण्याने ती खरोखरच खूश होत असेल. पण पोटभर गवत, शेजारी सोबत आणि चालायला मैदान असलेली घोडी चार दिवस मजेत राहते. हे ऐकून थोडं दुखेल. मला दुखलं होतं, आणि मग त्या दुखण्यातून फार मोकळं वाटलं.

नवऱ्याच्या वाक्याबद्दल एवढंच म्हणेन की त्यांनी घोडीविरुद्ध काही म्हटलेलं नाही. तुम्ही घरात असाल तेव्हा घरात असावं, एवढंच त्यांचं मागणं आहे. जागा बदलल्यावर रस्त्याचे जे तास वाचतील त्यातली एखादी संध्याकाळ सरळ त्यांच्या नावे करा, आणि तबेल्याच्या दारावरच्या कागदाबद्दल त्यांनाही समजावून सांगा. कदाचित कागदावरची ती "अमुक व्यक्ती" तेच असतील.

विकण्याचा प्रश्न तीन महिन्यांनी पुन्हा काढा, आत्ता नको. घाबरलेल्या मनाने घेतलेला निर्णय नंतर बोचतो. तीन महिन्यांत योग्य पागा मिळालीच नाही, किंवा मिळूनही तबेल्याच्या वाटेला लागताना तुमच्या पोटात रोज गोळाच येत असेल, तर तिला चांगल्या हातात द्या. दीर्घ मुदतीने वापरायला देता येतं, विकताही येतं. स्नायूंच्या त्रासाची सगळी कागदपत्रं घेणाऱ्यापुढे ठेवा, किंमत कमी आली तरी चालेल. तसं झालं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि तुमच्यावर कोणी बोट ठेवलं तर माझं हे पत्र दाखवा.

येत्या रविवारी तिच्यावर बसू नका. सकाळी एक खुर्ची घेऊन जा आणि तिच्याजवळ दोन तास नुसत्या बसा. गवत किती वेळात संपतं ते घड्याळ लावून पाहा. ती मान वर करून दूर किती वेळा बघते, कान कुठे वळवते, एक मागचा पाय सैल सोडून डुलकी काढते का, हे वहीत लिहा. ती वही मला पाठवा. पुढचं बोलणं आपण त्यावरूनच करू.